गुडघाभर पाणी

भिवंडी, कल्याण रोड
२१ जून

चि. दिपाली,

मामाचे आशीर्वाद. बदली होऊन आमच्या गावच्या शाळेत आलीस त्याला आठवडा झाला. मामाकडे यायला तुला सवड नाही, पण तुझी पोरं मात्र घरोघर फिरतायत असं कळलं. हातात वही, खिशात शिंप्याची टेप. वीस वर्षांपूर्वीच्या पुरात तुमच्या घरी पाणी कुठवर आलं होतं, असं विचारतात म्हणे, आणि भिंतीला टेप लावून आकडा उतरवून घेतात.

मी सरळ विचारतो, तू सरळ सांग. हे तुला कुणी करायला लावलं? सातवीच्या पोरांना गावाचं पाणी मोजून काय करायचंय? ऑगस्टच्या ग्रामसभेत माझ्या दुसऱ्या गोदामाच्या परवानगीचा विषय आहे, हे पूर्णा गावापासून वळ गावापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. नेमके आत्ताच पाण्याचे आकडे गोळा व्हायला लागतात? निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभा राहणाऱ्या बाळारामला मी शाळेपासून ओळखतो. तो स्वतः कधी पुढे येत नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. या वेळी त्याला भाचीचा खांदा सापडला की काय?

फोन करत नाही. गेल्या निवडणुकीत माझं फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करून त्यानेच गावभर ऐकवलं. तेव्हापासून महत्त्वाचं ते कागदावर. शैलेश वॉचमन दोन-तीन दिवसांआड गोदामाचं रजिस्टर घेऊन माझ्याकडे येतो, त्याच्या हाती उत्तर दे. माणूस तोंडाचा पक्का आहे.

चांगदेवमामा


जिल्हा परिषद शाळा
२४ जून

मामा,

नमस्कार. बंदूकही नाही आणि खांदाही नाही. आपत्तींचा धडा आहे, एवढंच.

पहिल्याच दिवशी वर्गाला विचारलं, पूर आला तर काय कराल? तुमच्या शैलेशची प्राजक्ता उभी राहिली आणि ज्वालामुखी, भूकंप, त्सुनामी असं सगळं एका दमात म्हणून गेली. मी म्हटलं, पूर? ती म्हणाली, "बाई, उंच जागेवर जायचं." कुठली उंच जागा? सगळा वर्ग खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर गोदामांचे निळे पत्रे, दुसरं काय दिसणार? या मुलांना जपानच्या लाटा ठाऊक आहेत आणि आपल्या दारातल्या पुराबद्दल काही ठाऊक नाही, याची मला लाज वाटली. म्हणून गृहपाठ दिला. प्रत्येकाने आपल्या वाडीतल्या, पाड्यावरच्या पुराच्या खुणा शोधायच्या, जमिनीपासून मोजायच्या. त्यावरून नकाशा करू. जिथे पाणी सगळ्यात कमी चढलं, तिथे मुलांना न्यायची रंगीत तालीम करू.

आता माझा एक प्रश्न. मुलं तुमच्या जुन्या घरी गेली तेव्हा हौसामामीने त्यांना बाहेरच्या भिंतीवर कोरलेली, गेरू भरलेली रेघ दाखवली. संध्याकाळ झाली म्हणून मोजायचं दुसऱ्या दिवसावर टाकलं. दुसऱ्या दिवशी गेली तर भिंतीला ताजा चुना! वीस वर्षं ज्या भिंतीला कुणी हात लावला नाही, तिला एका रात्रीत रंग कसा लागला?

संशय घ्यायची सवय आपल्या घराण्यातलीच आहे, रागावू नका.

दिपाली


भिवंडी
२७ जून

दिपाली,

भावेशचा साखरपुडा आठ जुलैला आहे. मुलीकडची माणसं येणार, त्यांना काय शेवाळलेली भिंत दाखवू? चुना लावायला आता शिक्षण खात्याची परवानगी लागते का?

तुझी पोरं यायच्या आधीच ती रेघ मी बघून ठेवली होती. भिंतीजवळ स्वतः उभा राहून पाहिलं. माझ्या गुडघ्याला लागते. दीड फूट. एवढ्याचा बाऊ करून तुम्ही गाव घाबरवताय. पुराच्या वेळी मी पॉवरलूमवर ड्युटीला होतो, तीन दिवस शहरातच अडकलो, म्हणून पाणी डोळ्याने पाहिलं नाही हे खरं. पण रेघ काही खोटं बोलत नाही. चुन्याखाली बोट फिरवलं की अजून लागते. पोरांना पाठव, मोजू दे, आणि नकाशात लिही, चांगदेवचं घर, गुडघाभर पाणी. उंच जागा हवी ना? घराला लागून असलेलं माझं गोदामाचं आवार घ्या. तालीम तिथेच करा.

आणि मंगळवारी तू तहसील कचेरीत दीड तास होतीस. कुणी पाहिलं ते विचारू नकोस. तिथे काय काम होतं?

मामा


शाळा
१ जुलै

मामा,

तुमचे डोळे फार लांबवर पोचतात. तहसीलला आपत्तीच्या पुस्तिका आणि भिंतीवर लावायचे तक्ते आणायला गेले होते. साहेब जेवायला गेलेले, म्हणून दीड तास.

कुणाल आणि प्राजक्ता रेघ मोजून आले. दीड फूटच. एकतीस घरांच्या खुणा आता नकाशावर आहेत आणि सगळ्यात कमी आकडा तुमच्या घराचा आहे. खाली पाड्यावर मंगळीच्या झोपडीच्या खांबावरची खूण माझ्या डोक्याच्याही वर जाते. मुलांनी एकमताने तुमचं आवार निवडलं.

खरं सांगते, मी तुमच्यावर वाईट संशय घेतला होता. मला वाटलं, गोदामासाठी तुम्ही खूण पुसलीत. मुलांच्या आकड्यांनी मला खोटं पाडलं आणि मला बरं वाटलं. माफ करा. येत्या शनिवारी तालीम घेऊ का? गेट उघडायला शैलेशला सांगाल?

दिपाली


भिवंडी
४ जुलै

चि. दिपाली,

माफ केलं. शनिवारी साखरपुड्याची मंडपवाल्यांची गडबड आहे, बारा तारखेला घ्या. गेटवर 'श्री. चांगदेव यांच्या सौजन्याने' असा फलक लाव, अक्षरं मोठी असू देत. फोटो काढ आणि नकाशाची एक प्रत मला दे, ग्रामसभेत दाखवेन. आता बाळाराम काय बोलतो ते बघू. त्याला तालमीला बोलावू नकोस.

साखरपुड्याला मात्र नक्की ये.

मामा


शाळा
१४ जुलै

मामा,

नकाशाची प्रत सोबत पाठवत नाही. का ते सांगते, शेवटपर्यंत वाचा.

तालीम छान झाली. घंटा, रांग, रस्त्याच्या मोरीवरून तुमच्या गेटपर्यंत सहा मिनिटं. फलक लावला होता, फोटोही काढला. आवारात उभं राहून कुणाल नकाशा मोठ्याने वाचत होता. हौसामामी दारात तांदूळ निवडत बसली होती. दीड फूट ऐकून तिने सूप खाली ठेवलं.

"कवरा म्हनलास?"

"दीड फूट, आजी. गुडघ्याएवढं."

"गुडघ्याला? कुनी सांगितला? अरं, ती रेघ मी हात वर करून कोरलेली हाय. भावेसला माल्यावर टाकलेला, मी पन वरच. पानी उतरला तवा भितीला चिखलाची रेघ दिसत व्हती, तिथं कोयता मारला. हात पोचत नव्हता, टाचा वर केल्या मी."

प्राजक्ताने दाराकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, तुमच्या घरात पाच पायऱ्या उतरून का जावं लागतं?"

"पयले एक पायरी वर चराची व्हती गो. मंग तुमच्या बाईंच्या मामानं भराव टाकला. दर वरसाला थोरा थोरा."

मामा, साखरपुड्याला मी त्याच पाच पायऱ्या उतरून पेढा खायला आले होते. सगळं गाव उतरलं. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की घर खाली गेलेलं नाही, जमीन वर आली आहे. रेघ होती तिथेच आहे. आम्ही ती आजच्या जमिनीपासून मोजली. मी शिक्षिका असून मुलांना चुकीचं मोजायला शिकवलं, आणि त्या मोजमापावर विसंबून त्यांना कुठे न्यायचं ते ठरवलं.

काल पुन्हा मोजलं. शैलेशने पूर्वी गवंड्यांच्या हाताखाली काम केलंय, त्याच्याकडे लेव्हलची नळी आहे. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, तिच्या दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीवर राहतं. तुमच्या भिंतीवरची रेघ आम्ही तशी नऊ टप्प्यांत विजेच्या खांबांवरून, मोरीच्या कठड्यावरून शाळेपर्यंत आणली. सातवीच्या वर्गात ती कुठे आली माहीत आहे? फळ्याच्या वरच्या कडेच्याही चार बोटं वर. मुलांनी तिथे खडूने रेघ मारली आणि त्या रेघेखाली आपापल्या बाकांवर जाऊन बसली. एरवी ज्यांना गप्प करता करता माझा घसा बसतो, ती मुलं.

शाळेची इमारत पुराच्या नंतरची, म्हणून तिच्या भिंतीवर खूण असायचा प्रश्न नव्हता. जागा तुम्ही दान दिलेली. आणि हो, तहसीलला मी फक्त पुस्तिकांसाठी गेले नव्हते. ते दानपत्र बघायला गेले होते. शाळेच्या तिन्ही बाजूंना भराव आणि मधे आम्ही खड्ड्यात, हे पहिल्या दिवसापासून माझ्या मनात टोचत होतं. दानपत्रात जमिनीचा प्रकार लिहिलाय, खाजण. खाडीचं पाणी पसरायची जागा.

मला एकच विचारायचं आहे. ती जागा शाळेला देताना तिथे पाणी भरतं हे तुम्हाला माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

आणि तुमच्या गोदामाचा माल चढवायचा ओटा त्या रेषेच्याही दोन फूट वर येतो. शाळेजवळ तेवढी एकच उंच जागा आहे. पावसाळाभर शाळेच्या वेळात गेटला कुलूप नको, एवढं करा.

दिपाली


भिवंडी
१६ जुलै

दिपाली,

नाही.

तुला एका शब्दात हवं होतं, मिळालं. आता माझं ऐक. हौसाला काल काय जेवली ते आठवत नाही, ती वीस वर्षांपूर्वीची रेघ सांगणार? तिला कुणी पढवलं? शैलेशला नळी घेऊन फिरायला कुणी सांगितलं? पगार माझं गोदाम भाड्याने घेतलेल्या कंपनीचा आणि चाकरी बाळारामची? मला सगळं दिसतंय. तू माझ्याशी गोड बोलून साखरपुड्याचा पेढा खाल्लास आणि पिशवीत माझं दानपत्र घेऊन फिरत होतीस. सख्ख्या बहिणीची मुलगी!

गोदामात कंपनीचा लाखमोलाचा माल आहे. पोरं आत घेतलेली त्यांना चालत नाहीत, त्यांचं तसं पत्र आलंय. गेटला कुलूप लागलं आहे, चावी कंपनीच्या ऑफिसात राहील. शैलेशलाही ताकीद दिली आहे. यापुढे पत्र पोस्टाने पाठव, पाठवायचंच असेल तर. आणि वर्गातली ती खडूची रेघ आधी पूस.

चांगदेव


शाळा
१९ जुलै

मामा,

तुमचं 'नाही' मिळालं. ठेवून घेतलं. विश्वास बसला असं लिहू शकत नाही, त्यामुळे लिहीत नाही.

रेघ पुसलेली नाही. मुलं रोज तिच्याकडे बघून मग वही उघडतात. प्राजक्ताने विचारलंय, पूर नैसर्गिक असतो, मग भराव कशात लिहायचा? मी अजून उत्तर दिलेलं नाही.

कुलूप काढा. माझ्यावर रागवा, मला घरी बोलावू नका, पण कुलूप काढा. शेहेचाळीस मुलं आहेत, मामा.

दिपाली


भिवंडी
२८ जुलै

दिपाली,

तू घरी येणार नाहीस आणि मला शाळेत यायचं तोंड नाही, म्हणून लिहितो.

गुरुवारी दुपारी मला शहरात कळलं तेव्हा रस्ता बंद झाला होता. दापोडे गावाच्या पुढे रिक्षा सोडली, कंबरभर पाण्यातून कंटेनरना धरून धरून आलो. आधी शाळा दिसली. कमानीवर माझं नाव, आणि खाली सातवीच्या खिडकीतून बाक बाहेर तरंगत येत होतं. फळा निम्मा पाण्यात. आत कुणी आहे की नाही ते कळायला मार्ग नव्हता. मी हाका मारल्या. तेवढ्या वेळात माझं काय झालं ते मी लिहू शकत नाही. मग ओट्यावरून पोरांचा गलका ऐकू आला आणि मी पाणी कापत तिकडे निघालो.

हौसाने सगळं सांगितलं. एक वाजता खाडीकडे जाणारा ओहोळ उलटा वाहायला लागला आणि तू कुणाच्याही सांगण्याची वाट न बघता घंटा दिलीस. गेट बंद होतं. ऑफिसात फोन लागेना. शैलेशने पहारीने कुलूप तोडलं. ती सांगत होती, "तो म्हनला, नोकरी गेली तरी चालंल, माजी पोर त्याच रांगेत हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमची पन भाची व्हती रांगेत." पुढे ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो.

मला माहीत होतं. त्या तुकड्यात भात कुजायचा. उधाण आणि पाऊस एकत्र आले की चार दिवस पाणी हलायचं नाही. गोदामासाठी पहिल्यांदा तीच जागा मी दाखवली होती. कंपनीच्या माणसाचा बूट चिखलात रुतला, तो म्हणाला, "चाचा, ये जगह नहीं चलेगी." मग ती मी शाळेला दिली. गावाने हार घातला. मी मनाशी म्हटलं, बांधणारे भराव करून बांधतील. त्यांनी केला नाही आणि मी विचारलं नाही. उलट माझ्या बाजूने दरवर्षी मातीच्या गाड्या ओतत राहिलो, आणि माझ्याकडचं पाणी तुमच्याकडे ढकलत राहिलो.

गुडघ्याबद्दल मात्र मी खोटं बोललो नाही. मला खरोखर गुडघाच दिसला. स्वतः टाकलेली माती माणूस इतकी विसरतो, हे मलाही आत्ताच कळलं. चुना साखरपुड्यासाठीच होता. पण रेघेवरून ब्रश फिरला तेव्हा तिथे दुसरा हात दे, असं रंगाऱ्याला मीच सांगितलं. कशासाठी ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही. बाळारामवर नजर ठेवण्यात माझी इतकी वर्षं गेली.

कुलूप तोडल्याबद्दल कंपनी शैलेशला काढणार होती. माझ्या सांगण्यावरून तोडलं, असं मी लिहून सही करून दिलं. दुसऱ्या गोदामाचं बोलणं त्यांनी थांबवलंय. थांबू दे. त्यासाठी भराव केलेली जागा मी शाळेला देतो. वकिलाला कागद करायला सांगितलेत. कमान नको, नाव नको.

हे पत्र वर्गात वाच. प्राजक्ताला सांग, भराव कशात लिहायचा ते, आणि पुढे माझं नाव घाल.

चांगदेवमामा


समाजमंदिर (शाळा सध्या इथेच भरते)
२ ऑगस्ट

मामा,

तुमचं 'हो' वाचलं आणि मुलांसमोरच रडू आलं. रागाने आलं की मोकळं वाटून, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या दिवशी बंद गेटसमोर उभी असताना मी तुम्हाला जे जे बोलले ते बरं की तुमच्यापर्यंत पोचलं नाही. शैलेशसाठी तुम्ही केलंत त्याबद्दल पाड्यावरची माणसं तुमचं नाव घेतायत. मीही घेते.

पत्र वर्गात वाचलं, सगळं, एक ओळ न गाळता. प्राजक्ताने वहीत नैसर्गिक आणि मानवनिर्मित असे दोन रकाने आखले आणि दुसऱ्यात तुमचं नाव लिहिलं. खाली माझंही लिहिलं. मी विचारलं, माझं का? म्हणाली, "चुकीचं मोजायला तुम्ही शिकवलं ना, बाई." मी खोडायला सांगितलं नाही.

मग कुणालने हात वर केला. "बाई, आता देतात ती जागा तरी चांगली आहे का?" मी त्याला ओरडणार होते. देणाऱ्याबद्दल असं बोलू नये, असं सांगणार होते. पण तोच प्रश्न तुमचं पत्र वाचल्यापासून माझ्याही मनात होता. मामा, माझी तुमच्यावर माया आहे. विश्वास अजून नाही. तो एका पत्राने येत नाही, आणि या मुलांना मी यापुढे कुणाच्याही शब्दावर बसवणार नाही, तुमच्याही नाही आणि माझ्याही नाही.

तेव्हा कागदांची घाई करू नका. पुढचा जोराचा पाऊस ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी मी सातवीला घेऊन त्या जागेवर येईन. तुम्हीही या. चपला काढून आमच्या रांगेत उभे राहा. पाणी कुठवर येतं ते सगळे मिळून बघू, आणि मग सही करा.

दिपाली